पक्का रंग, कच्चा रंग

केळीचे घड कापायला जाणारा माणूस त्या दिवशी ठेवणीतला सदरा अंगात घालत नाही. चीक कपड्यावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. संध्याकाळपर्यंत तिथे तपकिरी-काळा डाग उमटतो. मग साबण लावा, लिंबू चोळा, रॉकेलमध्ये बुडवा. सदरा विरेल, डाग जायचा नाही. बऱ्हाणपूर जिल्हा हा केळीचा मुलूख आहे. जसोंडीसारख्या गावात शेतात राबणाऱ्या प्रत्येक घरी असे डागाळलेले कपडे वेगळे टांगलेले दिसतात. चिकातली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं हवेतला ऑक्सिजन घेऊन गडद होतात आणि सुताला घट्ट धरून बसतात. न सांगता, न शिकवता झालेली ही रंगाईच म्हणायची.

मुद्दाम केलेली रंगाई तर या भागाची जुनी कमाई. सतराव्या शतकात टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या बऱ्हाणपुरातून गेला. इथलं तलम, फुलाफुलांचं रंगीत कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरोपर्यंत जातं, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. एवढ्या लांबच्या प्रवासात आणि पुढे वर्षानुवर्षांच्या धुण्यात तो रंग टिकत होता. कारण रंगाऱ्याला तुरटी ठाऊक होती. नुसत्या रंगाच्या पाण्यात सूत बुडवलं तर रंग वर वर चढतो आणि दोन धुण्यांत उतरतो. आधी तुरटी दिली की तिच्यातलं ॲल्युमिनियम एका बाजूने सुताला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला पकडतं. रंगाच्या रेणूवर ऑक्सिजनचे अणू शेजारी शेजारी असले की धातू त्यांच्यात चिमट्यात धरल्यासारखा बसतो. आल या झाडाच्या मुळीतला, मंजिष्ठेतला लाल रंग पक्का होतो तो या पकडीमुळे. रंगाऱ्याला अणू माहीत नव्हते, पण पकड माहीत होती, आणि ती कधी बसते, कधी निसटते हेही माहीत होतं.

ही रंगाई मला आठवते ती घरी करता येणाऱ्या सौर घटामुळे. फळाफुलांच्या रंगावर चालणारा हा घट समजून घ्यायला सिलिकॉनच्या कारखान्यापेक्षा रंगाऱ्याचं घर जवळचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

तुरटीच्या जागी इथे टिटॅनियम येतं. टिटॅनियम डायऑक्साइड म्हणजे पांढऱ्या रंगाच्या डब्यात आणि टूथपेस्टमध्ये असते ती पांढरी भुकटी. ती पांढरी का दिसते? डोळ्यांना दिसणारा कुठलाच प्रकाश ती पोटात घेत नाही, सगळा परतवते. फक्त अतिनील किरण तिला चालतात, आणि उन्हात त्यांचा वाटा अगदी थोडा. म्हणजे या भुकटीतून वीज वाहू शकते, पण उन्हाचा बहुतेक भाग तिला घेताच येत नाही. जांभळाच्या रंगाचं उलटं आहे. तो हिरवा-पिवळा प्रकाश आवडीने घेतो, म्हणूनच आपल्याला जांभळा दिसतो. पण घेतलेल्या प्रकाशाचं करायचं काय, हे त्याच्या हातात नाही. क्षणात ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. हे दोघे एकमेकांना चिकटले तर?

ही कल्पना एका दिवसात आलेली नाही. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला फोटोच्या काचांवर रंग चढवल्यावर त्या हिरव्या प्रकाशालाही जागू लागल्याचं दिसलं. १८८७ मध्ये व्हिएन्नात मोझर यांनी तीच युक्ती विजेच्या घटाला लावून पाहिली. तरी शंभर वर्षं गाडं पुढे सरकलं नाही. अडचण साधी होती. सपाट पृष्ठभागावर रंगाचा एकच थर बसतो, आणि रेणूभर जाडीचा थर प्रकाश अडवणार तो किती? थरावर थर चढवावेत, तर वरच्या रेणूंचा खालच्या पृष्ठभागाशी संबंधच उरत नाही. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ब्रायन ओ'रेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी ही गाठ सोडवली. त्यांनी सपाटपणाच सोडला. अतिसूक्ष्म कणांचा, आतून भुसभुशीत असा दहा मायक्रोमीटर जाडीचा थर काचेवर दिला. वरून पाहिलं तर एक चौरस सेंटीमीटर. आतल्या फटी, कपाऱ्या धरल्या तर सुमारे ७८० चौरस सेंटीमीटर. तेवढ्या सगळ्या जागेवर रंगाचा एकेक रेणू टिटॅनियमला धरून बसला. घटाची कार्यक्षमता सात टक्क्यांच्या वर गेली. त्यांनी वापरला तो रंग रुथेनियम धातूचा, महागाचा. पुढे १९९८ मध्ये ग्रेग स्मेस्टॅड आणि ग्रेट्झेल यांनी शाळा-कॉलेजांसाठी हाच घट ब्लॅकबेरीच्या रसावर करून दाखवला, आणि तो प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडला.

आपल्याकडे ब्लॅकबेरी नाही. जांभूळ आहे.

मृगाच्या सुमाराला धाकट्या बहिणीकडे जसोंडीला मी आणि माझी भाची हा घट करायला बसलो. घरच्या वस्तूंनी सगळं होतं, असं म्हणणं खरं नाही. एक गोष्ट विकतच आणावी लागते: एका बाजूला टिन ऑक्साइडचा न दिसणारा थर असलेली, वीज वाहणारी काच. हात लावून बाजू कळत नाही; मल्टिमीटरच्या दोन्ही सुया काचेवर टेकवायच्या, ज्या बाजूला दहा-वीस-तीस ओहमचा आकडा येतो ती कामाची बाजू. दुसरी बाब भुकटीची. रंगाच्या दुकानातली भुकटी चालवून घेता येते, पण तिचे कण मोठे असतात आणि आतली जागा फार कमी मिळते. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडून सूक्ष्म कणांची आणली तर फरक डोळ्यांना दिसतो. बाकी सारं घरातलं: व्हिनेगर, भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब, चिकटपट्टी, शिसपेन्सिल, कागदाचे मोठे चिमटे.

सहा ग्रॅम भुकटीला नऊ मिलिलिटर पातळ केलेलं व्हिनेगर, एवढंच प्रमाण. पण ते एकदम ओतायचं नाही. मिलिलिटरभर घालायचं आणि खलायचं, पुन्हा मिलिलिटरभर घालायचं आणि खलायचं. अर्धा तास खल थांबता कामा नये. भुकटी नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधायचा. व्हिनेगरच्या आंबटपणामुळे कणांवर एकाच जातीचा विद्युतभार येतो, ते एकमेकांना दूर ढकलतात आणि गुठळी सुटते. खलता खलता लगद्याचा आवाज बदलतो. आधीचा खरखरीत घासण्याचा आवाज मऊ होतो. कधी थांबायचं ते भाचीने कानावरून ओळखलं, मी तिला काही सांगितलं नव्हतं. शेवटी द्रवसाबणाचा थेंब. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावली, मध्ये लगदा सोडला आणि काचकांडी एकदाच सरळ ओढली. पट्टीच्या जाडीइतका थर मागे राहिला. तो वाळला की पट्टी काढून काच तापवायची, साडेचारशे अंशांच्या आसपास, अर्धा तास. कॉइलच्या शेगडीवर लोखंडी पत्रा ठेवून आम्ही ती तापवली. थर आधी तपकिरी झाला, कारण साबण जळत होता. मग हळूहळू पुन्हा पांढरा झाला. त्या उष्णतेत कण एकमेकांना टेकतात तिथे जुळतात आणि विजेला वाट होते. शेगडी बंद करून काच तिथेच निवू द्यायची. घाईने उचलली तर तडकते.

मग जांभळं. कुस्करून, गाळून रस काढला आणि काच त्यात पालथी बुडवली. दहा मिनिटांनी काढली तेव्हा पांढऱ्या चौकोनाचा गडद जांभळा चौकोन झाला होता. एका साध्या काचेवरही आम्ही तोच रस लावून ठेवला होता. दोन्ही नळाखाली धरल्या. साध्या काचेवरचा रस एका क्षणात वाहून गेला. थरावरचा गेला नाही. पाण्याने नाही, स्पिरिटने नाही. जांभळातल्या अँथोसायनिनच्या रेणूवर ऑक्सिजनची ती शेजारी शेजारी बसलेली जोडी आहे. तिने टिटॅनियमला धरलं होतं. जांभूळ आणि आलाची मुळी यांचे रंग वेगळे, कुळं वेगळी, पण पकड एकच. या धुण्यापाशी मी दर वेळी थबकते. सगळा घट या पकडीवर उभा आहे. रंग नुसता कणांच्या आसपास असून भागत नाही. त्याने धरलेलं असावं लागतं, तरच त्याच्यातला इलेक्ट्रॉन पलीकडे जातो.

दुसऱ्या काचेच्या कामाच्या बाजूवर शिसपेन्सिल गिरवली. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं, आणि इथे नेमकं तेच हवं. मेणबत्तीची काजळी धरली तरी चालते. दोन काचा तोंडाला तोंड लावून, जरा सरकवून ठेवल्या, दोन्ही बाजूंना चिमटे लावले आणि फटीत जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनचा थेंब सोडला. तो आपोआप आत ओढला गेला. मीटर जोडून अंगणात नेलं. आकडा चढत चढत चारशे मिलिव्होल्टच्या आसपास थांबला. भाचीने वर हात धरला, आकडा उतरू लागला. हात काढला, पुन्हा चढला. मग तिने विचारलं, "मावशी, इलेक्ट्रॉन असे जात राहिले तर जांभळातले संपणार नाहीत का?"

प्रश्न अगदी नेमका आहे, आणि घटातला आयोडीनचा थेंब हे त्याचंच उत्तर आहे. उन्हाचा एक कण रंगाच्या रेणूवर पडला की रेणूतला एक इलेक्ट्रॉन उसळतो आणि टिटॅनियमच्या कणात शिरतो. कणाकणातून वाट काढत तो काचेवर येतो, तारेतून, मीटरमधून फिरून ग्रॅफाइटच्या काचेवर पोचतो. तिथे आयोडीन त्याला घेतं, आयोडाइड बनतं आणि फटीतल्या द्रवातून पोहत रंगाकडे जाऊन गेलेला इलेक्ट्रॉन भरून देतं. रंग पुन्हा होता तसा. काही खर्च होत नाही, बाहेरून आत येतं ते फक्त ऊन. आणि हे जमतं ते वेळेच्या हिशेबामुळे. इलेक्ट्रॉन पलीकडे शिरतो तो सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या भागाच्या आत. परत फिरून मूळ रेणूत पडायला मात्र त्याला त्याच्या लाखो पट जास्त वेळ लागतो. तेवढ्या अवधीत आयोडाइड येऊन रिकामी जागा भरून टाकतं. मागे फिरायची वाट बंद होते, म्हणून इलेक्ट्रॉन लांबच्या वाटेने, तारेतून जातो. त्या लांबच्या वाटेवर आपण मीटर ठेवतो, दिवा ठेवतो.

भाचीला मी हे अंगणातच जमिनीवर रेघा ओढून सांगितलं. तिला सगळं कळलं असेल असं नाही. पण थेंब सोडायच्या आधी घट जवळजवळ मुका होता आणि थेंबानंतर बोलू लागला, हे तिने स्वतः केलेलं होतं.

इतक्या साध्या, अशुद्ध वस्तूंनी हा घट का चालतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सिलिकॉनचा घट अशुद्धी सहन करत नाही. तिथे प्रकाश घ्यायचा तोही सिलिकॉननेच आणि वीज वाहून न्यायची तीही त्यानेच. इलेक्ट्रॉन उसळून जिथे रिकामी जागा झाली तिच्याच सोबत त्याला त्याच पदार्थातून चालायचं असतं. वाटेत परका अणू भेटला की दोघं एकमेकांत मिटून जातात. म्हणून सिलिकॉन शुद्ध करण्यावर एवढा खर्च. रंगाच्या घटात कामं वाटलेली आहेत. बऱ्हाणपूरच्या कापडात कातणारी वेगळी, रंगवणारा वेगळा, विणणारा वेगळा होता, तसं इथे ऊन धरणारा वेगळा, इलेक्ट्रॉन नेणारा वेगळा, भरपाई करणारा वेगळा. कणात शिरलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली रिकामी जागा यांची गाठ पडायची शक्यताच कमी. एकावर सगळा भार नाही, म्हणून कुणीही अतिशुद्ध असण्याची गरज नाही. झाडाच्या पानातही अशीच वाटणी असते: हरितद्रव्य प्रकाश धरतं, इलेक्ट्रॉन पुढे देतं, आणि पाणी त्याची भरपाई करतं.

आता हिशेब, कारण तो लपवणं मुलांची फसवणूक ठरेल. दुपारच्या कडक उन्हात एका चौरस सेंटीमीटरवर साधारण शंभर मिलिवॉट ऊर्जा पडते. आमचा घट चार चौरस सेंटीमीटरचा. फळाच्या रंगावर कार्यक्षमता एक टक्क्याच्या आतच राहते. अर्धा टक्का धरू. म्हणजे दोन मिलिवॉट. एक वॉटच्या छोट्या दिव्याला असे पाचशे घट लागतील. छपरावरचं सिलिकॉनचं पॅनेल चौरस मीटरला दोनशे वॉट देतं, हा पाच देईल. चार-पाच घट एकापुढे एक जोडले की लहानसं कॅल्क्युलेटर चालतं, लाल एलईडी मंद उजळते. विहिरीवरची मोटर चालणार नाही, घरातला पंखाही नाही. ज्यांना वीज हवी त्यांनी सरकारी योजनेतून पॅनेल बसवावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत घराच्या छपरासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरवलं गेलं. शेतातल्या पंपासाठी कुसुम योजना आली.

आणि हा रंग कच्चा आहे. टिटॅनियमला कितीही घट्ट धरला तरी ज्या उन्हावर घट चालतो तेच ऊन त्याला खातं. चौथ्या-पाचव्या दिवशी गडद चौकोन मळकट तपकिरी होतो. द्रव तर त्याच्याही आधी उडतो. बऱ्हाणपूरच्या मे महिन्यात टिंक्चर दुपारभरही टिकत नाही, पुन्हा थेंब सोडावा लागतो. धुतला तर रंग जात नाही, उन्हात ठेवला तर मरतो. पक्का आणि कच्चा यांची आपण लावलेली कसोटी इथे उलटी पडते, आणि हे कोडं अजून जगभरच्या प्रयोगशाळांत सुटायचं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने या घटांवर काम केलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांनी महागड्या निर्वात यंत्रांवाचून, साध्या बीकरमधल्या द्रावणातून पातळ थर बसवायच्या पद्धतींवर अनेक वर्षं घालवली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार केल्या. रुरकीच्या आयआयटीने २०१७ मध्ये जांभळाच्याच रंगावर घट करून दाखवला. आपल्या माणसांनी हात घातलेलं हे काम आहे, पण गावातल्या शाळेपर्यंत ते पोचलेलं नाही याची मला खंत वाटते.

कारण शेतातलं पॅनेल गावात येतं ते चार बाजूंनी बंद होऊन. त्याला उघडायचं नसतं, विचारायचं नसतं. बिघडलं की तालुक्याचा माणूस येतो. त्याच्या आत ऊन कुठे थांबतं आणि वीज कुठून निघते हे वीस वर्षं वापरूनही कळत नाही. पुस्तकात आकृती असते, ती पाठ होते. अंगणात बसून केलेल्या दोन मिलिवॉटच्या घटात मात्र एकेक पायरी हाताने काढून बघता येते. रंग न लावता करून बघा, आकडा पडतो. थेंब न सोडता करून बघा. ग्रॅफाइट पुसून बघा. काच तापवल्यावाचून जोडून बघा. प्रत्येक वेळी काहीतरी बंद पडतं आणि का बंद पडलं ते त्याच जागी दिसतं. नीट चालणाऱ्या पॅनेलकडून हे कधीच शिकता येणार नाही.

जांभूळ जूनभर. त्यानंतर डाळिंब असतं, परसातली जास्वंद बारमाही असते, आणि दिवाळीनंतर शेताच्या बांधावर लाल अंबाडीची बोंडं येतात, ज्यांची आपण चटणी करतो. त्या बोंडांचा रंगही अँथोसायनिनचाच आहे, त्याच्यावरही पुष्कळ ठिकाणी असे घट झाले आहेत. हळद लावून बघावी, पालक लावून बघावा. काही धरतील, काही नळाखाली वाहून जातील, आणि का गेले हा पुढचा धडा. बीट फसवं आहे, रंग जांभळासारखाच दिसतो पण रेणू निराळ्या कुळातला, त्याचा आकडा वेगळाच येईल. एका वर्गाने वर्षभर हेच केलं, कुठल्या रंगाने किती मिलिव्होल्ट दिले आणि किती दिवस टिकला याची वही ठेवली, तरी गावचं स्वतःचं संशोधन उभं राहील.

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक हायस्कुलाने वीज वाहणाऱ्या काचांची एक पेटी, सूक्ष्म टिटॅनियमची एक बाटली आणि एक चांगला मल्टिमीटर घ्यावा, असं माझं म्हणणं आहे. काचा धुऊन, तापवून पुन्हा पुन्हा वापरता येतात, एकदा घेतल्या की पाच-सहा वर्षं पुरतील. भाचीच्या वर्गशिक्षकांना मी हे पत्राने कळवलं आहे, सोबत आमच्या उरलेल्या चार काचा दिल्या आहेत, आणि कामाच्या बाजूवर एका कोपऱ्यात पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहे.